आग विझवणाऱ्याच्या जिवाचा हिशेब

आग विझवताना जवानाचा जीव कशाने जातो, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. भाजून, धुरात गुदमरून, नाहीतर अंगावर छत कोसळून. हे सगळे घडते आणि आपल्याकडे पुन्हा पुन्हा घडले आहे. पण हार्वर्डच्या स्टेफानोस केल्स यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. १९९४ ते २००४ या काळात तिथे कामावर असताना मरण पावलेल्या १,१४४ अग्निशामकांपैकी ३९ टक्के हृदयविकाराने गेले होते. ११ सप्टेंबर २००१ चे मृत्यू या हिशेबात धरलेले नाहीत. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानाच्या कामाचा एक ते पाच टक्के एवढाच वेळ जातो. हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के मात्र त्या थोडक्या वेळात झाले होते. ठाण्यातल्या नेहमीच्या कामांच्या तुलनेत आगीशी झुंजताना हृदयविकाराने मरण्याचा धोका दहा ते शंभर पट होता. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जवानाच्या सुरक्षेचा विचार हेल्मेट-बुटांच्या पलीकडे, त्याच्या रक्तवाहिन्यांपर्यंत न्यावा लागला.

महाराष्ट्राला याची एक आठवण आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. मदतीसाठी धावलेल्यांत नवी मुंबई अग्निशमन दलाचे जवान होते. भर पावसात, निसरड्या वाटेने वाडीकडे चढताना त्या दलातले एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. तिथे आग नव्हती, धूर नव्हता. चढ होता, घाई होती आणि वर माणसे गाडली गेली आहेत ही जाणीव होती. एका मृत्यूवरून कोणताही निष्कर्ष काढू नये, हा शास्त्राचा पहिला धडा. मात्र असे शेकडो मृत्यू काळजीपूर्वक नोंदून एकमेकांशेजारी ठेवले की ते बोलू लागतात आणि पुढच्या जवानाला वाचवण्याची वाट दाखवतात. या पुस्तकाचा विषय ती वाट आहे.

आपल्याकडे अग्निशमन दलाविषयी बोलताना शौर्याची भाषा आपोआप येते. १४ एप्रिलला दरवर्षी आपण हुतात्म्यांना वंदन करतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. कापसाच्या गासड्या आणि स्फोटके जहाजाच्या एकाच भागात भरलेली होती. दुपारी चारनंतर झालेल्या स्फोटांत आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मरण व्हायलाच हवे. परंतु स्मरणाबरोबर एक प्रश्नही विचारायला हवा. त्या दुपारी धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसांना कोणती माहिती मिळाली असती, तर ते वाचले असते? हा प्रश्न विचारल्याने शौर्याला उणेपणा येत नाही. जो माणूस जिवावर उदार होऊन आत शिरतो, त्याला उपलब्ध असलेले सगळे ज्ञान हाती देऊनच आत पाठवणे हे त्याच्या मालकाचे, म्हणजे महापालिकेचे, सरकारचे आणि शेवटी आपले कर्तव्य आहे.

हृदयाचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्यावरचे संशोधन सर्वांत पुढे गेले आहे. जवान वर्दी ऐकतो त्या क्षणी त्याच्या नाडीचे ठोके वाढतात. पाठीवरचा बीए सेट, म्हणजे श्वसनाचे उपकरण, आणि अंगावरचा जाड गणवेश मिळून वीस किलोच्या आसपास ओझे होते. हा गणवेश बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तशी शरीराची उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. घाम येतो, पण तो वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. घामावाटे पाणी गेले की रक्तातला द्रव कमी होतो आणि कमी रक्तावर हृदयाला जास्त काम करावे लागते. इलिनॉय राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण संस्थेतले गॅव्हिन हॉर्न आणि स्किडमोर कॉलेजच्या डेनिस स्मिथ यांनी खऱ्या आगीत सराव करणाऱ्या जवानांचे रक्त कामाआधी आणि कामानंतर तपासले. थोड्या वेळाच्या कामानेही रक्तात गुठळी धरण्याची प्रवृत्ती वाढते, असे त्यांना दिसले. ज्याच्या रक्तवाहिन्या निरोगी आहेत, त्याला हा ताण पेलतो. ज्याच्या वाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याचे काय होते हे शवविच्छेदनांनी सांगितले. हृदयविकाराने गेलेल्या अमेरिकी अग्निशामकांपैकी दहांत सुमारे आठ जणांना रक्तवाहिन्यांचा आजारही होता आणि त्यांचे हृदयही वाढलेले होते. हे दोन्ही दोष नियमित तपासणीत सापडू शकतात. ते आगीत जन्मत नाहीत. आग त्यांना गाठते.

इथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेतले बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवक आहेत आणि त्यांच्यात वयस्क माणसेही बरीच असतात. आपला जवान पगारी नोकर आहे आणि ठरलेल्या वयात निवृत्त होतो. त्यामुळे तिथली टक्केवारी उचलून इथे लावणे चुकीचे ठरेल. शरीराचे नियम मात्र तिथे आणि इथे एकच आहेत. उलट आपल्या हवेने ते अधिक कठोर होतात.

म्हणूनच टोरांटोचा एक प्रयोग मला आपल्यासाठी फार मोलाचा वाटतो. कॅनडातले शरीरशास्त्रज्ञ टॉम मॅकलेलन आणि ग्लेन सेलकर्क यांनी टोरांटोच्या अग्निशामकांना पूर्ण गणवेशात ३५ अंश सेल्सियस तापमानात आणि ५० टक्के आर्द्रतेत काम करायला लावले. मधल्या विश्रांतीत काही वेळा ते नुसते बसले, काही वेळा त्यांच्यावर तुषार सोडले आणि काही वेळा त्यांनी कोपरापर्यंतचे हात गार पाण्यात बुडवून ठेवले. हात बुडवले तेव्हा जवानांना नुसते बसण्याच्या तुलनेत दीडपटीहून जास्त वेळ काम करता आले. कारण सोपे आहे. हातांमधून पुष्कळ रक्त त्वचेजवळून वाहते. ते पाण्यात गार होऊन परत फिरते आणि शरीर आतून थंड करते. यासाठी बादली, पाणी आणि पंधरा-वीस मिनिटांची सक्तीची विश्रांती एवढेच लागते. ३५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता हा टोरांटोच्या प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण केलेला उन्हाळा होता. मुंबईत मे महिन्यात आर्द्रता याहून जास्त असते आणि नागपूर-चंद्रपूरला पारा याच्या पुष्कळ वर जातो. भिवंडीच्या गोदामाची आग कित्येक तास चालते. तिथे बंबाशेजारी सावली, पाणी आणि हात बुडवायला टब असणे ही चैन समजू नये. ते पाण्याच्या टँकरइतकेच कामाचे साधन आहे.

महाराष्ट्रात २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्याने इमारतीतल्या अग्निशमन यंत्रणेचा दाखला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, असा दोनदा द्यावा लागतो. इमारतीच्या पंपाची काळजी घेणारा हा नियम चांगला आहे. त्या पंपाला होज जोडणाऱ्या माणसाच्या हृदयाचीही तेवढ्याच काटेकोरपणे, ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या चाचण्यांनी तपासणी व्हायला हवी. त्या तपासणीचा हेतू त्याची नोकरी काढून घेणे हा नसावा. नोकरी जाण्याची भीती असेल तर छातीत दुखते हे कोणीच सांगणार नाही आणि तपासणीचा कागद फाईलमध्ये कोराच राहील.

आता कर्करोग. जून २०२२ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अनेक देशांतल्या तज्ज्ञांना बोलावले आणि अग्निशामकाच्या नोकरीत घातक द्रव्यांशी येणाऱ्या संपर्काचे पुरावे त्यांच्यापुढे ठेवले. तज्ज्ञांनी या नोकरीला पहिल्या गटात टाकले. ज्यांमुळे माणसाला कर्करोग होतो हे पुरेशा पुराव्याने सिद्ध झाले आहे, अशा गोष्टी या गटात असतात. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्याबाबत पुरावा पुरेसा ठरला. मोठे आतडे, प्रोस्टेट, वृषण, त्वचेचा मेलानोमा आणि एका प्रकारचा लसिकाग्रंथींचा कर्करोग यांच्याबाबत तो मर्यादित ठरला. २००७ साली याच संस्थेने ही नोकरी 'शक्यता आहे' एवढ्याच गटात ठेवली होती. मधल्या पंधरा वर्षांत काम बदलले नव्हते. पुरावा साठला होता.

तो कसा साठला, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, शिकागो, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन शहरांतल्या सुमारे ३० हजार अग्निशामकांच्या नोंदी घेतल्या. हे सगळे १९५० ते २००९ या काळात कधी ना कधी नोकरीत होते. त्यांची नावे मृत्यूच्या आणि कर्करोगाच्या नोंदींशी जुळवली. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत त्यांच्यात कर्करोगाचे निदान ९ टक्क्यांनी आणि कर्करोगाने होणारे मृत्यू १४ टक्क्यांनी जास्त निघाले. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग दुपटीच्या आसपास होता. जुन्या इमारतींमधल्या ॲस्बेस्टॉसशी त्याचा संबंध आहे. ९ आणि १४ हे आकडे कोणाला किरकोळ वाटतील. पण अग्निशमन दलात भरती होते ती धावण्यात, दोर चढण्यात, छाती फुगवण्यात उतरलेल्या निवडक तरुणांची. अशा माणसांना खरे तर इतरांपेक्षा कमी आजार व्हायला हवेत. सर्वसाधारण लोकांशी तुलना केली की हा फायदा धोक्याला झाकून टाकतो. एवढे झाकूनही जे बाहेर दिसते, ते किरकोळ नसते.

विष शरीरात शिरते कोठून? नाकातोंडातून, असे आपण धरून चालतो आणि म्हणून बीए सेट लावला की सुरक्षित झालो असे मानतो. नायॉशचे केनेथ फेंट यांनी पूर्ण गणवेशात, मास्क लावून काम केलेल्या जवानांची लघवी आणि उच्छ्वास तपासला. धुरातल्या घातक द्रव्यांच्या खुणा तरीही त्यांत सापडल्या. मग ती त्वचेतून आली असली पाहिजेत. मानेची त्वचा पातळ, घामेजलेली आणि हेल्मेट व कॉलर यांच्या फटीत उघडी राहणारी. तिथे काजळी सहज बसते. मग त्यांनी साधा प्रश्न हाती घेतला: ही घाण निघते कशाने? आग विझल्यावर लगेच पाणी, साबण आणि ब्रशने गणवेश घासला, तर धुरातल्या कर्करोगकारक संयुगांचे प्रमाण ८५ टक्क्यांनी कमी झाले. कोरड्या ब्रशने २३ टक्क्यांनी. हवेचा झोत मारून जवळजवळ काहीच नाही. मानेची त्वचा ओल्या पुसण्याने पुसली तर ५४ टक्के घाण निघाली. बादली, साबण आणि ब्रश प्रत्येक ठाण्यात असतो. तो बंबावर चढवून घटनास्थळी नेणे आणि परत निघण्याआधी वापरणे, एवढ्याच फरकाची ही गोष्ट आहे.

दुसरी एक जागा आपल्या बातम्यांतल्या एका ओळीत लपलेली आहे. 'आग आटोक्यात आली असून कूलिंगचे काम सुरू आहे.' वाचणाऱ्याला वाटते, संकट टळले. जवानालाही तसेच वाटते. ज्वाला दिसत नाहीत, धूर विरळ झालेला असतो, तासाभराच्या मेहनतीने जीव शिणलेला असतो. मग मास्क उतरतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात २५ आगींच्या याच टप्प्यात हवेचे नमुने घेतले गेले. विझत आलेल्या, धुमसणाऱ्या ढिगाऱ्यातून ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेले आढळले. डोळ्यांना साफ दिसणारी हवा साफ नव्हती. प्लास्टिकच्या गोदामात, गाद्यांच्या दुकानात, बंद दुकानाच्या पोटमाळ्यावर रात्रभर चालणाऱ्या कूलिंगमध्ये मास्क कधी उतरवायचा, हे हवा मोजणाऱ्या यंत्राने ठरवावे. थकव्याने ठरवू नये.

स्वीडनमधल्या शेलेफ्टिओ या गावातल्या जवानांनी या घाणीपासून दूर राहण्यासाठी एक शिस्त बांधली. वापरलेला गणवेश हवाबंद पिशवीत घालून आणायचा, माणसे बसतात त्या केबिनमध्ये तो आणायचा नाही, ठाण्यात स्वच्छ आणि मळकी बाजू वेगळी ठेवायची. पुढे ही पद्धत त्या गावाच्या नावाने अनेक देशांत गेली. त्यांना सर्वांत अवघड गेले ते माणसांचे मन वळवणे. काळवंडलेले हेल्मेट आणि करपलेला कोट हा या पेशातला मान आहे. ज्याचा गणवेश कोरा, तो नवखा. हा मान पिढ्यान् पिढ्या कष्टाने मिळवलेला आहे, म्हणून त्याची टिंगल करून काही साधणार नाही. ज्येष्ठ अधिकाऱ्याने सगळ्यांदेखत आपले हेल्मेट आधी धुतले, तर नवा जवान ते आपोआप शिकेल.

संशोधन काही वेळा अस्वस्थ करणारी उत्तरेही देते. पाणी आणि तेल झटकून टाकण्यासाठी गणवेशाच्या कापडात जी फ्लोरिनयुक्त रसायने वापरतात, ती कापडातून सुटून बाहेर येतात, हे अमेरिकेतल्या नॉत्र दाम विद्यापीठाचे ग्रॅहॅम पीझली यांच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये दाखवले. वाचवण्यासाठी घातलेले कापडच तपासाखाली आले. त्यावर उत्तर शोधणे सुरू आहे, आणि आपल्याकडे नव्या गणवेशांच्या निविदा काढताना हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

आरोग्याइतकेच संशोधनाने आग विझवण्याचे तंत्रही बदलले. ३० मे १९९९ रोजी वॉशिंग्टनमध्ये चेरी रोडवरच्या एका घराच्या तळघरात आग लागली. जवान पुढच्या दाराने वरच्या मजल्यावर शिरले. मागच्या बाजूने गेलेल्यांनी तळघराचे काचेचे दार उघडले. काही क्षणांत तापलेले वायू जिन्यावाटे वर उसळले आणि वरचे दोन जवान त्यात सापडून मरण पावले. अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या संशोधकांनी ही आग संगणकावर पुन्हा उभी केली आणि दार उघडल्याने हवेला खालून वर जाणारी वाट कशी मिळाली, हे टप्प्याटप्प्याने दाखवले. आग जिकडून हवा ओढते आणि जिकडे वाफारा सोडते, त्या वाटेत उभे राहू नये, हे तत्त्व आज प्रशिक्षणात शिकवतात. ते तिथून आले.

हे तत्त्व आता अधिक महत्त्वाचे झाले आहे, कारण घरातले सामान बदलले. अमेरिकेतले आगीचे संशोधक स्टीव्ह कर्बर यांनी दोन बैठकीच्या खोल्या शेजारी शेजारी मांडून पेटवल्या. एकीत लाकूड, कापूस अशा जुन्या वस्तूंचे सामान होते. दुसरीत फोमचा सोफा आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे. नवी खोली पाच मिनिटांच्या आत सर्वांगाने पेटली. जुनीला २९ मिनिटांहून जास्त लागली. म्हणजे वर्दी मिळून बंब पोचेपर्यंत पूर्वी जी आग बाल्यात असायची, ती आता हवा संपवून दबा धरून बसलेली असते. दार उघडले की तिला हवी ती गोष्ट आपण आपल्या हाताने देतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर पाडायला काढलेल्या घरांत मोठे प्रयोग झाले. बाहेरून खिडकीतून थोडा वेळ पाण्याचा मारा केला तर आग आत ढकलली जाते आणि अडकलेल्या माणसांना इजा होते, असे अनेक पिढ्या मानत आल्या होत्या. मोजमाप केल्यावर आतल्या खोल्यांचे तापमान उलट उतरताना दिसले. अनुभवी माणसांची समजूत मोडायला थर्मामीटर लागला. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने स्वतः हे प्रयोग करवून घेतले, हे मला विशेष वाटते.

हे सगळे आपण जसेच्या तसे उचलावे का? नाही. अमेरिकेतली ती घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची. आपल्याकडे विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती उष्णता धरून ठेवतात. खिडक्यांना लोखंडी ग्रिल असते, तिथून ना माणूस बाहेर येतो ना जवान आत जातो. झोपडपट्टीत पत्र्याला पत्रा लागून आणि दर घरात गॅस सिलिंडर. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींत दगडी भिंतींच्या आत सागवानी तुळया, आणि गेल्या शतकभरात वाढत गेलेले पोटमाळे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासात आग विझवत असताना इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन आणि आणखी दोन अधिकारी आपण गमावले. दलाचे सर्वांत अनुभवी डोळे त्या जागी होते. जळणारी इमारत किती वेळ उभी राहील हे डोळ्यांना दिसत नाही, याहून मोठा पुरावा कशाला हवा? अमेरिकेत २००८ साली याच प्रश्नावर जमिनीचे सांगाडे बांधून, वर भार ठेवून, खालून जाळून पाहिले. जुन्या पद्धतीच्या लाकडी तुळया सुमारे १८ मिनिटे टिकल्या. नव्या, हलक्या, कारखान्यात बनलेल्या तुळया सुमारे ६ मिनिटांत कोसळल्या. त्या आकड्यांवर तिथे आत जाण्याचे नियम बदलले. गिरगावच्या सागवानी तुळईचा आकडा आपल्याला इथेच जाळून काढावा लागेल. पुनर्विकासासाठी रोज जुन्या चाळी पाडल्या जातात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत आगीच्या अभ्यासाची परंपरा आहे, नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. पाडायला काढलेली एक चाळ, काही तापमापक आणि या संस्था एकत्र आणणे अशक्य नाही.

जवानाच्या मृत्यूनंतरची चौकशी हा यातला नाजूक भाग. आपल्या चौकशीचा रोख बहुधा दोषी कोण यावर असतो. नायॉशने १९९८ पासून वेगळी पद्धत चालवली आहे. अग्निशामकाच्या मृत्यूची पाहणी करायची, कोणाला दोष द्यायचा नाही, शिक्षा सुचवायची नाही. काय घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करावे एवढे लिहायचे आणि अहवाल सर्वांसाठी खुला ठेवायचा. शिस्तभंगाची चौकशी हवी तर वेगळी चालते. ज्याला शिक्षेची भीती नाही, तोच सांगतो की वॉकीटॉकी चालत नव्हता, किंवा आत किती माणसे आहेत याची गणती झाली नव्हती.

मनावरच्या ओझ्याबद्दल आणि स्त्रियांबद्दल या पुस्तकात स्वतंत्र प्रकरणे आहेत, म्हणून इथे थोडेच लिहितो. आपला जवान फक्त आगीला जात नाही. कोसळलेल्या इमारतीखालची मुले तो काढतो, विहिरीतले प्रेत काढतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर होतो. मुंबईच्या दलात आता स्त्रिया आहेत. पुरुषाच्या मापाने शिवलेला कोट त्यांच्या अंगावर जिथे सैल राहतो, तिथून धूर शिरतो. बहुतेक अभ्यासांत स्त्रियांची संख्या फार थोडी आहे, आणि गरोदरपणात या कामाचे काय परिणाम होतात हा प्रश्न तर आत्ता कुठे विचारला जाऊ लागला आहे. तो आपल्याकडे पहिल्या तुकडीपासून विचारला गेला तर बरे.

नोंदींची ताकद काय असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण न्यूयॉर्कचे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात तिथले जुळे मनोरे कोसळले, तेव्हा तिथल्या दलाचे ३४३ जण एका सकाळी गेले. पण त्या दलात जवानांची फुप्फुसे नियमितपणे तपासून आकडे जपून ठेवण्याची पद्धत आधीपासून होती. त्यामुळे डॉ. डेव्हिड प्रेझंट यांच्या चमूला प्रत्येकाचे त्या दिवसाआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवता आले. पहिल्या एका वर्षात फुप्फुसांची क्षमता सरासरी ३७२ मिलिलिटरने घटली होती. वयोमानाने एवढी घट व्हायला बारा वर्षे लागतात. जे पहिल्या दिवशी सर्वांत आधी पोचले, त्यांची घट सर्वांत जास्त होती. २०११ साली याच दलाच्या अभ्यासात, मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर काम केलेल्यांमध्ये न केलेल्यांपेक्षा कर्करोग १९ टक्क्यांनी जास्त आढळला. पुढच्याच वर्षी सरकारी आरोग्य योजनेत कर्करोगांचा समावेश झाला. सप्टेंबर २०२३ पर्यंत त्या धुळीच्या आजारांनी गेलेल्या अग्निशामकांची संख्याही ३४३ झाली. आधीचे आकडे नसते, तर या दुसऱ्या ३४३ जणांचे मरण म्हातारपणाच्या आणि सिगारेटच्या खाती जमा झाले असते. त्यांच्या कुटुंबांना कोणतीही योजना लागू झाली नसती.

आपल्याकडे अशी सुरुवात करायला नवी इमारत बांधावी लागत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशीच जवानाची फुप्फुसे, हृदय आणि रक्त तपासून आकडे कायमचे जपावेत. प्रत्येक वर्दीनंतर कोण किती वेळ धुरात होता, मास्क होता की नाही, कूलिंगला कोण थांबले, हे वर्दीच्या नोंदीतच एका रकान्यात लिहावे. निवृत्तीनंतर तपासणी थांबवू नये. धुराचा परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे लागतात आणि तोवर जवान सातारा, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या आपल्या गावी गेलेला असतो. तिथला डॉक्टर त्याला शेतकरी म्हणून तपासतो.

आणि मागे वळून पाहण्याचे एक काम तर आजच हाती घेता येईल. १९६३ पासून मुंबईत कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी आहे. भारतातली ती सर्वांत जुनी. मुंबई अग्निशमन दल महापालिकेचे आहे, आणि महापालिकेकडे भरतीचे आणि निवृत्तिवेतनाचे कागद असतात. तीन अमेरिकी शहरांच्या बाबतीत नायॉशने केले ते हेच: नोकरीचे जुने कागद आणि आजारांची नोंदवही एकमेकांशी जुळवली. नावे गुप्त ठेवून, निवृत्त जवानांच्या संघटनांना बरोबर घेऊन, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक आरोग्य विभागाने हे काम अंगावर घ्यावे. गाव सोडून गेलेल्यांचा माग निवृत्तिवेतनाच्या पत्त्यावरून लागेल. ज्यांचे निवृत्तिवेतन आता पत्नीच्या नावे येते, त्यांच्या घरी जाऊन विचारावे लागेल की ते कशाने गेले, किती वर्षे नोकरी केली आणि कोणत्या ठाण्यावर होते.